नाव न सांगता फाइल मागायची कशी?

एका सर्व्हरची डिस्क जुनी झाली होती, म्हणून आम्ही नवी बसवली. रात्रभर कॉपी चालली. सकाळी तपासलं तर प्रत्येक फोल्डर जागेवर, प्रत्येक फाइलचं नाव तेच, मालक तोच, परवानग्या त्याच, तारखासुद्धा सेकंदापर्यंत जुळत होत्या. सर्व्हर सुरू केला आणि पाच मिनिटांत सगळ्या क्लायंट मशीनवर, म्हणजे या सर्व्हरकडून नेटवर्कवरून फाइली मागणाऱ्या मशीनवर, एकच ओळ उमटायला लागली: ‘स्टेल फाइल हँडल’, एरर क्रमांक ११६. सर्व्हरसमोर बसून तीच फाइल उघडली की सुरळीत उघडत होती. नेटवर्कवरून मागणाऱ्याला मात्र ती शिळी ठरवून परत पाठवलं जात होतं.

आम्ही नावं जिवापाड जपली होती. क्लायंटांच्या हातात मात्र नावं नव्हतीच. त्यांच्याकडे होते जेमतेम २८ बाइट, आणि त्या बाइटांत फाइलच्या नावाचं एक अक्षरही नव्हतं. या बाइटांना फाइल हँडल म्हणतात. एनएफएस ही नेटवर्कवरून फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची सगळी मांडणी, वाटून देण्याची पद्धत त्यांच्यावरच उभी आहे. लिनक्सच्या कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, हा हँडल पाळण्यासाठी बरीच धडपड करावी लागते. ती धडपड नीट समजली की ‘स्टेल’ या शब्दाची भीती जाते, म्हणून हा लेख.

आपल्याच मशीनवर फाइल कशी उघडते, तिथून सुरुवात करू. ‘/डेटा/नोंदी/मार्च’ असा पत्ता दिला की कर्नल मुळापासून एकेक तुकडा घेत खाली उतरतो. आधी ‘डेटा’, मग तिच्यात ‘नोंदी’, मग तिच्यात ‘मार्च’. डिरेक्टरी, म्हणजे आपलं फोल्डर, ही खरं तर एक साधी यादी असते: हे नाव, हा आयनोड क्रमांक. आयनोड ही त्या फाइलची डिस्कवरची मूळ नोंद. आकार किती, मालक कोण, मजकूर डिस्कच्या कोणत्या भागात आहे, हे सगळं तिच्यात असतं. नाव तेवढं नसतं, कारण ते डिरेक्टरीच्या यादीत राहतं. एकाच आयनोडला दोन डिरेक्टऱ्यांत दोन वेगळी नावं असू शकतात, आणि ती दोन्ही तितकीच खरी असतात.

दर वेळी डिस्क वाचत बसायला नको म्हणून कर्नल अशी शोधलेली नावं मेमरीत साठवतो. त्या प्रत्येक नोंदीला डेंट्री म्हणतात. डेंट्रीला आपला पालक माहीत असतो, पालकाला त्याचा पालक, अशी साखळी थेट मुळापर्यंत जाते. शेवटी प्रोग्रामच्या हातात ३ किंवा ४ असा छोटा आकडा पडतो, तो फाइल डिस्क्रिप्टर. या आकड्याला अर्थ फक्त त्या प्रोग्रामपुरता आणि त्या कर्नलच्या मेमरीपुरता असतो. मशीन बंद झालं की तो अर्थ संपला.

आता फाइल एका मशीनवर आणि वाचणारा दुसऱ्या मशीनवर अशी स्थिती घ्या. हीच पद्धत नेटवर्कवर चालवायची तर कोणी काय उघडलंय याची वही सर्व्हरला ठेवावी लागेल. सर्व्हर मधेच बंद पडून पुन्हा सुरू झाला की वही कोरी, आणि उघड्या फाइलींवर काम करणारे सगळे प्रोग्राम अधांतरी. सन मायक्रोसिस्टिम्सच्या मंडळींनी १९८० च्या दशकाच्या मध्यात एनएफएस घडवताना ही वहीच काढून टाकली. सर्व्हर काहीही लक्षात ठेवणार नाही. प्रत्येक विनंती स्वतःपुरती पूर्ण असेल: ‘या फाइलमधून, इतकाव्या बाइटपासून, ८१९२ बाइट दे.’ सर्व्हर गेला तर क्लायंटने तीच विनंती पुन्हापुन्हा पाठवत राहायचं. सर्व्हर परत आला की उत्तर मिळेल, आणि प्रोग्रामला थोडा वेळ गेला याखेरीज काही जाणवणार नाही. मला ही कल्पना आजही फार देखणी वाटते. जिथे मशीन पडणं हा नेहमीचाच प्रकार होता, तिथे पडण्याची किंमतच जवळजवळ शून्यावर आणली.

पण मग त्या विनंतीतली ‘ही फाइल’ म्हणजे नेमकी कोणती, हे सांगायचं कसं?

पूर्ण पत्ता पाठवावा असं पहिल्यांदा सुचतं, पण त्यात गोची आहे. मी ‘मार्च’ ही फाइल उघडून वाचतोय आणि तेवढ्यात कोणीतरी तिचं नाव ‘मार्च-जुनी’ केलं. युनिक्सचा नियम असा की उघडलेली फाइल नाव बदलल्याने हातातून सुटत नाही. आयनोड तोच आहे, वाचन चालू राहिलं पाहिजे. पत्ता पाठवत गेलो तर पुढच्याच विनंतीला ‘अशी फाइल नाही’ असं उत्तर येईल. कोणी त्याच नावाची दुसरी फाइल आणून ठेवली असेल तर त्याहून वाईट, कारण मग चुकीच्या फाइलचा मजकूर बिनबोभाट हाती पडेल.

म्हणून क्लायंट पत्त्याचा एकेक तुकडाच विचारतो. माउंट करताना, म्हणजे सर्व्हरची फाइलसिस्टिम आपल्या मशीनला जोडून घेताना, त्याला मुळाचा हँडल मिळतो. ‘या हँडलच्या डिरेक्टरीत नोंदी नावाचं काय आहे?’ असं विचारलं की ‘नोंदी’चा हँडल येतो, त्याच्या आधारे ‘मार्च’चा. मधे सिम्बॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे बोट दाखवणारी फाइल, लागली किंवा क्लायंटने त्या जागी दुसरंच काही माउंट केलेलं असलं, तर तो निर्णय क्लायंट स्वतः घेतो. शेवटचा हँडल हातात आला की नावाचं काम संपलं. वाचणं, लिहिणं, आकार विचारणं, सगळं त्या बाइटांवर चालतं.

हँडलमध्ये काय भरायचं हे पूर्णपणे सर्व्हरच्या मर्जीवर असतं. क्लायंटने तो उघडून बघायचा नाही, फक्त जपून ठेवायचा आणि जसाच्या तसा परत करायचा. एनएफएसच्या व्हर्जन २ मध्ये तो बरोबर ३२ बाइटांचा होता. १९९५ च्या व्हर्जन ३ मध्ये मर्यादा ६४ बाइट झाली, व्हर्जन ४ मध्ये १२८.

२८ बाइटांच्या आत

लिनक्स सर्व्हरने व्हर्जन ३ मध्ये दिलेला एक सर्वसाधारण हँडल उघडून बघू. समजा एक्सटी४ या लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारची एक अख्खी फाइलसिस्टिम वाटून दिली आहे. पहिले ४ बाइट म्हणजे पुढे काय वाचायचं आहे त्याची सूचना: हँडलची आवृत्ती कोणती, फाइलसिस्टिमची ओळख कोणत्या प्रकारे लिहिली आहे, फाइलची ओळख कोणत्या प्रकारे. पुढचे १६ बाइट म्हणजे फाइलसिस्टिमचा यूयूआयडी, ती तयार करताना तिला मिळालेली कायमची ओळख. त्यानंतरचे ४ बाइट आयनोड क्रमांक. शेवटचे ४ बाइट जनरेशन क्रमांक. संपला हँडल.

हे शेवटचे ४ बाइट मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात. आयनोड क्रमांक मोजके असतात, त्यामुळे फाइल पुसली की तिचा क्रमांक पुढच्या कोणत्या तरी फाइलला दिला जातो. समजा माझ्याकडे आयनोड ४८२१३ चा हँडल आहे आणि मी हळूहळू त्यात एक अहवाल लिहितोय. दुसऱ्या क्लायंटवरून कोणीतरी ती फाइल पुसली. दोन मिनिटांनी तिसऱ्याने पगाराची यादी साठवली आणि योगायोगाने तिला ४८२१३ हाच क्रमांक मिळाला. आता माझी पुढची विनंती आली: ‘४८२१३ मध्ये हे ८१९२ बाइट लिही.’ सर्व्हरला आठवण नाही, वही नाही. नुसत्या आयनोड क्रमांकावर विसंबला तर माझा अहवाल सरळ पगाराच्या यादीवर छापला जाईल, आणि दोघांपैकी कोणालाही काही चुकल्याचं कळणार नाही.

जनरेशन क्रमांक हे संकट अडवतो. आयनोड नव्या फाइलसाठी वापरात आला की त्यावर नवा जनरेशन लिहिला जातो. एक्सटी४ दर वेळी यादृच्छिक आकडा घेते. माझ्या हँडलमधला जनरेशन एक, डिस्कवरचा दुसरा, म्हणजे मला हवी असलेली फाइल गेली. सर्व्हर उत्तर देतो: स्टेल. ‘तू मागतोयस ती फाइल आता नाही, तिच्या जागी काही असेल तर ते तुझं नाही.’ हा एरर त्रासदायक वाटतो खरा, पण दुसऱ्याची फाइल वाचली ती त्याच्यामुळेच.

याच कारणाने एनएफएसच्या फोल्डरांत ‘.एनएफएस’ने सुरू होणाऱ्या विचित्र लपलेल्या फाइली सापडतात. युनिक्सवर उघडी फाइल पुसली तरी ज्याने उघडली आहे त्याच्यापुरती ती शाबूत राहते. पण कोणती फाइल उघडी आहे हे या सर्व्हरला माहीतच नसतं. म्हणून आपणच उघडलेली फाइल पुसायची वेळ आली की क्लायंट तिला पुसत नाही, असं नाव देऊन बाजूला ठेवतो आणि शेवटचा वापर संपल्यावर खरोखर पुसतो. मात्र ही खबरदारी एकाच क्लायंटपुरती. दुसऱ्या मशीनवरून कोणी पुसलं तर स्टेल ठरलेलाच.

यूयूआयडीचीही आपली कहाणी आहे. आधी तिथे डिव्हाइस क्रमांक वापरत: कोणत्या कंट्रोलरवरची कितवी डिस्क. एखादी डिस्क जास्त जोडली आणि रीबूटनंतर क्रम बदलला की जुने हँडल सगळे निकामी. यूयूआयडी डिस्कवरच लिहिलेला असल्याने ती कुठेही जोडली तरी तोच राहतो. मेमरीत राहणाऱ्या टीएमपीएफएससारख्या ज्या फाइलसिस्टिमच्या मागे डिस्कच नाही, त्यांना एक्सपोर्टच्या, म्हणजे काय वाटून द्यायचं ते लिहिलेल्या, फाइलमध्ये ‘एफएसआयडी’ हा आकडा आपणच नेमून द्यावा लागतो.

उलटा प्रवास

हँडल बनवणं सोपं. तो परत आला की त्यावरून फाइल शोधणं, यात खरी कसोटी आहे. लिनक्सचं सगळं घर नावांच्या बाजूने बांधलेलं आहे: आधी मूळ, मग डेंट्री, शेवटी आयनोड. हँडल मागच्या दाराने येतो आणि सरळ आयनोडवर बोट ठेवतो. आयनोड डिस्कवरून वाचता येतो, जनरेशनही जुळतो. पण ही फाइल कोणत्या डिरेक्टरीत आहे, तिचं नाव काय, काहीच ठाऊक नसतं.

सर्व्हर नुकताच रीबूट झालाय असं समजा. मेमरीतल्या सगळ्या डेंट्री पुसल्या गेल्यात. पहिलीच विनंती आली ती आयनोड ५१२० साठी. कर्नल काम चालवण्यापुरती एक बिननावाची डेंट्री तयार करतो आणि तिला त्या आयनोडशी जोडतो. तिच्यावर ‘डिस्कनेक्टेड’ अशी खूण करतो, म्हणजे ही अजून मुळाशी जोडलेली नाही. ५१२० ही साधी फाइल असेल तर गाडी इथे अडत नाही. वाचायला आणि लिहायला नाव कशाला हवं?

डिरेक्टरी असेल तर मात्र अशी लोंबकळती ठेवून चालत नाही. कारण आहे नाव बदलण्याच्या विनंतीत, जिच्यातून डिरेक्टरीची जागाही बदलता येते. समजा कोणी सांगितलं, ‘नोंदी’ ही डिरेक्टरी उचलून ‘मार्च’ या डिरेक्टरीत ठेव. ‘मार्च’ जर ‘नोंदी’च्याच पोटात असेल, तर हे दोघे एकमेकांच्या आत जाऊन बसतील, मुळापासून तुटतील, आणि तिथपर्यंत कोणताही पत्ता कधीच पोहोचणार नाही. कर्नल हे टाळण्यासाठी डेंट्रीच्या साखळीने वर चढत जातो आणि मधे ‘नोंदी’ लागते का ते पाहतो. साखळीच अर्धवट असेल तर ही तपासणी खोटी ठरते. म्हणून नियम आहे: हँडलवरून डिरेक्टरी मिळाली तर ती मुळापर्यंत जोडल्याशिवाय वापरायची नाही. शिवाय एका डिरेक्टरीला एकच डेंट्री चालते. आधीच एखादी असेल तर नवी न बनवता तीच घ्यायची.

जोडणी पायरीपायरीने होते. ५१२० च्या आतली ‘..’ ही नोंद वाचली की पालकाचा आयनोड कळतो, समजा ५०९६. आता ५०९६ मध्ये ५१२० ला काय म्हणतात? हे कुठेच लिहिलेलं नसतं, म्हणून ५०९६ ची यादी वरपासून वाचत जायची आणि ज्या नावापुढे ५१२० हा क्रमांक सापडेल ते नाव घ्यायचं. मग नेहमीच्या वाटेने ते नाव शोधायचं, आणि त्या क्षणी बिननावाची डेंट्री आपल्या खऱ्या जागी चिकटते. पालकसुद्धा लोंबकळता असेल तर हाच प्रकार त्याच्यासाठी, मग त्याच्या पालकासाठी, जोडलेली डेंट्री भेटेपर्यंत. ज्या डिरेक्टरीत लाखभर फाइली आहेत तिथे हे यादीवाचन स्वस्त नसतं. आणि आपण वर चढत असतानाच कोणी मधलं नाव बदललं तर? कर्नल त्याचीही तयारी ठेवतो: शोध फसला तरी दुसऱ्याच कोणी तेवढ्यात जोडणी करून ठेवली आहे का ते पाहतो आणि पुन्हा प्रयत्न करतो.

यातलं प्रत्येक फाइलसिस्टिमने स्वतः सांगायचं असतं ते मोजकंच आहे: हँडल कसा बनवायचा, हँडलवरून आयनोडपर्यंत कसं जायचं, पालक कसा शोधायचा, आणि पालकाच्या यादीत मुलाचं नाव कसं शोधायचं. या कामांचा तक्ता कर्नलला दिला की ती फाइलसिस्टिम एक्सपोर्ट करता येते. नाव शोधण्याचं काम नाही लिहिलं तरी चालतं, वर सांगितलेली यादी वाचण्याची पद्धत कर्नलकडे तयार असते.

एक्सटी४ ला हे सहज जमतं. एक्सएफएस ६४ बिटांचे आयनोड क्रमांक हँडलमध्ये घालू शकते. बीटीआरएफएसमध्ये एकाच डिस्कवर अनेक सबव्हॉल्यूम असतात आणि तोच आयनोड क्रमांक दोन ठिकाणी असू शकतो, म्हणून ती सबव्हॉल्यूमची ओळखही सोबत देते. खरी ओढाताण होते ती पेन ड्राइव्हवरच्या फॅटची. तिच्यात आयनोड नावाची गोष्टच नाही. फाइलची सगळी माहिती डिरेक्टरीच्या नोंदीत असते, आणि लिनक्स तिचे आयनोड क्रमांक मेमरीत तेवढ्यापुरते पाडतो. मेमरीतून ते निघाले की ओळख हरवली. त्यामुळे फॅटपुढे दोनच पर्याय उरतात: लिहिणं-वाचणं दोन्ही ठेवायचं आणि कधीमधी येणारा स्टेल सोसायचा, किंवा डिस्कवरच्या नोंदीची जागा हीच ओळख धरायची आणि मग फाइलसिस्टिम फक्त वाचनापुरती माउंट करायची, कारण नाव बदललं की नोंदीची जागाच बदलते. जी फाइलसिस्टिम स्वतः फाइलला टिकाऊ ओळख देत नाही, तिच्यावर टिकाऊ हँडल बांधता येत नाही. इथे कर्नलचेही हात टेकतात.

हँडल म्हणजे किल्लीच

सुरक्षिततेच्या बाजूने पाहिलं तर अंगावर काटा येतो. पत्त्याने जाताना वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीची परवानगी तपासली जाते. हँडलने थेट आत उतरलं की वाटच नसते, मग वाटेवरचे पहारेही नाहीत. फाइलची स्वतःची परवानगी तपासली जाते, पण ती ज्या बंद खोलीत ठेवली होती त्या खोलीचं दार कोणी बघत नाही. आणि हँडलमध्ये आहे तरी काय? आयनोड क्रमांक आणि जनरेशन. जुन्या सनओएसमध्ये ‘एफएसआयरँड’ नावाचा प्रोग्राम होता. जनरेशनचे आकडे सहज ओळखता येऊ नयेत म्हणून तो ते विस्कटून टाकायचा.

यातूनच एक गैरसमज फार महागात पडतो. फाइलसिस्टिममधलं एकच फोल्डर एक्सपोर्ट केलं म्हणजे बाकीचं सुरक्षित आहे, असं लोक धरून चालतात. हँडल घडवता येणाऱ्याला मात्र त्याच फाइलसिस्टिममधली बाहेरची फाइलही मागता येते. यावर ‘सबट्री चेक’ नावाचा उपाय होता. हँडलमध्ये पालकाचाही आयनोड घालायचा आणि दर वेळी फाइल त्याच फोल्डरच्या पोटात आहे का ते पाहायचं. पण पालक हँडलमध्ये गेला की उघडी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवताच जुना हँडल अडचणीत येतो. म्हणजे ज्या दुखण्यासाठी नाव सोडून हँडल घेतला, तेच दुखणं परत. शेवटी एनएफएस-युटिल्स या लिनक्सवरच्या एनएफएसच्या साधनसंचाच्या १.१.० आवृत्तीपासून ही तपासणी न सांगता चालू राहणं बंद झालं. माझं स्पष्ट मत आहे की फोल्डर वाटून देऊच नये. वाटायचं तेवढ्यासाठी वेगळी फाइलसिस्टिम करावी आणि ती अख्खी द्यावी.

२०११ साली २.६.३९ या कर्नलपासून हँडल घेण्याची आणि त्यावरून फाइल उघडण्याची सोय साध्या प्रोग्रामांनाही मिळाली. हँडल घेणं कोणालाही जमतं, उघडण्यासाठी मात्र परवानगीची तपासणी ओलांडण्याचा खास अधिकार लागतो. तो किती जपून द्यायला हवा हे २०१४ मध्ये दिसलं. डॉकर हे प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंदिस्त कप्प्यांत चालवणारं साधन. त्या वेळचा डॉकर हा अधिकार कंटेनरच्या आतल्या रूटकडून, म्हणजे तिथल्या सर्वाधिकारी वापरकर्त्याकडून, काढून घेत नसे. ‘शॉकर’ नावाच्या छोट्याशा प्रोग्रामने त्याचा फायदा घेतला. एक्सटी४ मध्ये मुळाचा आयनोड नेहमी २ असतो, त्यामुळे अंदाज बांधायलाही काही नव्हतं. कंटेनरमध्ये बसून त्याने २ चा हँडल घडवला, उघडला, आणि यजमान मशीनच्या मूळ फाइलसिस्टिममध्ये शिरून पासवर्डची फाइल वाचून दाखवली.

आता आमच्या त्या सकाळकडे. फाइली एकेक करून कॉपी केल्या होत्या, म्हणून नव्या डिस्कवर प्रत्येकीचा आयनोड नवा, जनरेशन नवा. त्यात फाइलसिस्टिमच नवी, म्हणजे यूयूआयडीही नवा. यूयूआयडी तोच असता तर मुळाचा हँडल चालला असता, आणि क्लायंटवर फोल्डरमधून बाहेर येऊन पुन्हा आत गेलं की नावाने शोध होऊन नवे हँडल मिळाले असते. आमच्याकडे मुळाचाच हँडल निकामी होता. उघड्या फाइली धरून बसलेले प्रोग्राम बंद करायचे, माउंट काढायचं, पुन्हा माउंट करायचं, असं एकेका क्लायंटवर फिरत दुपार झाली.

पुढच्या वेळी डिस्क बदलताना आम्ही फाइली कॉपी केल्या नाहीत. सर्व्हर बंद ठेवून जुन्या डिस्कचा एकेक ब्लॉक जसाच्या तसा नव्या डिस्कवर उतरवला. त्यासोबत यूयूआयडी आला, आयनोड आले, जनरेशनही आले. सर्व्हर परत सुरू झाल्यावर क्लायंटांच्या लॉगमध्ये दोनच ओळी होत्या: सर्व्हर उत्तर देत नाही, अजून प्रयत्न चालू आहे, आणि काही तासांनी, सर्व्हर ठीक.